अमेरिकेतला राज्याचा इन्कम टॅक्स: ब्रॅकेट कसे वाचायचे आणि शेवटच्या डॉलरवरचा दर कसा काढायचा

भारतातून अमेरिकेत नोकरीला आलेल्या माणसाला पहिल्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, एक ओळ अनोळखी वाटते. फेडरल, म्हणजे केंद्राच्या टॅक्सचा अंदाज असतो, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांच्या कपातीबद्दल कुणीतरी सांगितलेलं असतं, पण त्याखाली राज्याच्या नावानं आणखी एक रक्कम कापलेली दिसते. आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्र सरकारचा. महाराष्ट्र सरकार पगारातून घेतं तो फक्त व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. इथे मात्र राज्याचा कायदा वेगळा, फॉर्म वेगळा, वजावटी वेगळ्या आणि स्लॅबही वेगळे. स्लॅबला इथे ब्रॅकेट म्हणतात.

या कराबद्दल दोन गैरसमज सगळीकडे ऐकू येतात. पहिला, पगार वाढला आणि वरच्या ब्रॅकेटमध्ये गेलो की सगळ्याच पगारावर जास्त कर बसतो. दुसरा, ज्या राज्याचा दर कमी तिथे कर कमी. पहिला बहुतेक वेळा चूक असतो, पण काही ठिकाणी खरा ठरतो आणि त्या जागा माहीत असायला हव्यात. दुसरा तर आकडेमोड केल्याशिवाय बोलूच नये असा आहे. दोन्हींचं उत्तर कागद-पेन घेऊन काढता येतं. खालचे आकडे कर-वर्ष २०२४ चे आहेत. न्यू जर्सीचे ब्रॅकेट महागाईप्रमाणे दरवर्षी बदलत नाहीत, कॅलिफोर्नियाचे बदलतात. तेव्हा तुमच्या वर्षाचा तक्ता राज्याच्या कर खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. रीत तीच राहते.

पायरी १: तुमचं राज्य कोणत्या प्रकारचं, ते बघा

पगारावर राज्याचा कर नसलेली नऊ राज्यं आहेत: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. यातल्या वॉशिंग्टनकडे सिअ‍ॅटलकरांनी जरा जपून बघावं. पगारावर कर नसला तरी शेअर विकून मिळालेल्या मोठ्या दीर्घकालीन नफ्यावर तिथे २०२२ पासून कर आहे.

दुसरा प्रकार एकच दर असलेल्या राज्यांचा. पेन्सिल्व्हेनिया ३.०७ टक्के, इलिनॉय ४.९५ टक्के, मिशिगन ४.२५ टक्के, अ‍ॅरिझोना २.५ टक्के. मॅसॅच्युसेट्सचा दर ५ टक्के, पण १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २०२३ पासून आणखी ४ टक्के. (ही मर्यादा महागाईप्रमाणे थोडी वर सरकते.)

तिसरा प्रकार चढत्या दरांचा: न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि इतर बरीच. ब्रॅकेटचा खरा प्रश्न इथेच येतो.

पायरी २: करपात्र उत्पन्न काढा, इथेच सगळ्यात जास्त गफलत होते

ब्रॅकेटचा तक्ता करपात्र उत्पन्नाला लावायचा असतो, पगाराच्या आकड्याला नाही. ते उत्पन्न मोजायची प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क फेडरल रिटर्नवरच्या एजीआयपासून, म्हणजे समायोजित एकूण उत्पन्नापासून सुरुवात करतात आणि त्यात थोडी भर-घट करतात. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया मात्र स्वतःची व्याख्या वापरतात.

जानेवारीत कंपनीकडून आलेला डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कपात दाखवणारा फॉर्म, समोर ठेवा. बॉक्स १ मध्ये फेडरल करासाठीचा पगार, बॉक्स १६ मध्ये राज्यासाठीचा पगार, बॉक्स १७ मध्ये राज्यासाठी कापलेला कर. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाच्या डब्ल्यू-२ वर बॉक्स १६ हा बॉक्स १ पेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो आणि पुष्कळांना ती कंपनीची चूक वाटते. चूक नसते. पगारातून करपूर्व कापला जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता फेडरल पगारातून वगळला जातो, न्यू जर्सी तो वगळत नाही. एचएसए खात्यात (वैद्यकीय खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) भरलेल्या पैशांचंही तसंच. कॅलिफोर्नियाही एचएसएची सवलत मानत नाही. ४०१के मध्ये, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती बचत खात्यात, भरलेली रक्कम न्यू जर्सी वगळतं, पण पेन्सिल्व्हेनिया तीही वगळत नाही. तिथे ४०१के मध्ये घातलेल्या पैशावरही राज्याचा कर त्याच वर्षी भरावा लागतो. त्याच्या बदल्यात निवृत्तीनंतर ते पैसे काढताना पेन्सिल्व्हेनिया साधारणपणे कर घेत नाही.

मग वजावटी. कॅलिफोर्नियात एकट्या व्यक्तीला ५,५४० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन, न्यू यॉर्कमध्ये ८,०००. न्यू जर्सीत स्टँडर्ड डिडक्शन नाहीच. तिथे स्वतःसाठी १,००० डॉलरची सूट, जोडीदारासाठी १,००० आणि अवलंबून असलेल्या प्रत्येक मुलासाठी १,५००. शिवाय घराच्या मालमत्ता करापोटी १५,००० डॉलरपर्यंत वजावट. भाड्यानं राहणाऱ्यांनी ही ओळ कोरी सोडू नये. न्यू जर्सी भरलेल्या भाड्याचे १८ टक्के हा तुमचा मालमत्ता कर धरतं आणि त्याची वजावट देतं. सॉफ्टवेअरमध्ये भाड्याचा आकडा टाकला नाही तर ही वजावट आपोआप येत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत, घर घेण्याआधी, ती हमखास राहून जाते.

पायरी ३: तक्ता लावा, खालून वर

न्यू जर्सीचा एकट्या व्यक्तीसाठीचा तक्ता असा:

- २०,००० डॉलरपर्यंत: १.४ टक्के
- २०,००० ते ३५,०००: १.७५ टक्के
- ३५,००० ते ४०,०००: ३.५ टक्के
- ४०,००० ते ७५,०००: ५.५२५ टक्के
- ७५,००० ते ५,००,०००: ६.३७ टक्के
- ५,००,००० ते १०,००,०००: ८.९७ टक्के
- त्यावर: १०.७५ टक्के

समजा, एडिसनमध्ये भाड्यानं राहणाऱ्या एका अविवाहित मुलीच्या डब्ल्यू-२ च्या बॉक्स १६ मध्ये १,००,००० डॉलर आहेत आणि भाडं महिन्याला १,८००. वर्षाचं भाडं २१,६००, त्याचे १८ टक्के ३,८८८. स्वतःची सूट १,०००. करपात्र उत्पन्न ९५,११२ डॉलर.

आता एकेक टप्पा भरत वर जायचं. पहिल्या २०,००० वर १.४ टक्के म्हणजे २८०. पुढच्या १५,००० वर २६२.५०. पुढच्या ५,००० वर १७५. पुढच्या ३५,००० वर १,९३३.७५. इथपर्यंत ७५,००० झाले आणि कर २,६५१.२५. उरलेले २०,११२ शेवटच्या टप्प्यात, त्यावर ६.३७ टक्क्यांनी १,२८१.१३. एकूण ३,९३२.३८ डॉलर. (करपात्र उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर न्यू जर्सी छापील टेबल वापरायला सांगतं, त्यामुळे रिटर्नवरचा आकडा डॉलर-दोन डॉलरनं इकडेतिकडे होईल.)

तिचा मार्जिनल दर ६.३७ टक्के, म्हणजे शेवटच्या डॉलरवर लागणारा दर. प्रत्यक्षात एक लाखातून राज्याला गेले ३.९३ टक्के, हा तिचा सरासरी दर. वर्षभराचं बजेट मांडताना सरासरी दर घ्या. पगारवाढ, बोनस, ओव्हरटाइम, ४०१के वाढवावं की नाही, असा कुठलाही 'आणखी थोडं' प्रकारचा प्रश्न आला की मार्जिनल दर घ्या. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की हिशेब बिघडतो.

आता तो स्लॅबचा धसका. कुणाचं करपात्र उत्पन्न ७४,००० असताना २,००० ची वाढ मिळाली आणि ते ७६,००० झालं, म्हणजे ७५,००० ची रेघ ओलांडली. आधीचा कर २,५९६, नंतरचा २,७१४.९५. वाढलेला कर ११८.९५ डॉलर: रेघेखालच्या हजारावर ५५.२५ आणि रेघेवरच्या हजारावर ६३.७०. खालच्या ७५,००० वरचा कर एका सेंटनंही वाढला नाही. रेघ ओलांडल्याबद्दल जास्त मोजावे लागले ते ८.४५ डॉलर, आणि राज्याचा कर जाऊन हातात आले १,८८१. पगारवाढ किंवा जादा काम या भीतीनं नाकारणारे लोक आहेत, म्हणून हे इतकं सुटं करून लिहिलं.

पायरी ४: एका ओळीची रीत

दरवेळी पाच टप्पे मांडायची गरज नाही. न्यू जर्सीच्या रिटर्नसोबतच्या तक्त्यात प्रत्येक ब्रॅकेटपुढे वजा करायचा एक आकडा छापलेला असतो. एकट्यासाठी ७५,००० ते ५,००,००० च्या टप्प्याला तो २,१२६.२५ आहे. सगळ्या करपात्र उत्पन्नाला ६.३७ टक्के लावा आणि २,१२६.२५ वजा करा. ९५,११२ चे ६.३७ टक्के ६,०५८.६३, वजा २,१२६.२५, बरोबर ३,९३२.३८. आधी आलं तेच.

खालचे टप्पे स्वस्त असल्यामुळे तुमचे जेवढे पैसे वाचतात, तेवढाच हा आकडा. हा अर्थ लक्षात ठेवा, न्यू यॉर्कपाशी पोचल्यावर कामाला येईल. ज्या राज्याच्या तक्त्यात असा आकडा नसेल तिथे तो स्वतः काढता येतो: ब्रॅकेटच्या खालच्या रेघेला वरचा दर लावा आणि त्या रेघेपर्यंतचा खरा कर त्यातून वजा करा.

जोडप्यांसाठी तक्ता वेगळा आहे, आणि तो एकट्याच्या तक्त्याची नुसती दुप्पट नाही. न्यू जर्सीत एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना ६.३७ टक्के १,५०,००० पासून लागतो, तो दुप्पट आहे खरा. पण ८.९७ टक्के एकट्यालाही ५,००,००० पासून आणि जोडप्यालाही ५,००,००० पासूनच. दोघंही मोठ्या पगारावर असतील तर हे ध्यानात घ्या.

पायरी ५: दोन राज्यांची तुलना दरानं करू नका, रकमेनं करा

तोच एक लाखाचा पगार, एकटी व्यक्ती, पण कॅलिफोर्नियात. ५,५४० वजा करून करपात्र उत्पन्न ९४,४६०. कॅलिफोर्नियात दर १ टक्क्यापासून सुरू होतो आणि २, ४, ६, ८ असा चढत ७०,६०६ डॉलरच्या वर ९.३ टक्के होतो. ७०,६०६ पर्यंतचा कर ३,१०८.७२, उरलेल्या २३,८५४ वर २,२१८.४२, मिळून ५,३२७.१४. त्यातून १४९ डॉलरचं वैयक्तिक क्रेडिट, म्हणजे थेट करातून मिळणारी सूट, वजा करून ५,१७८. ९.३ टक्के ऐकून छातीत धस्स होतं, पण सरासरी दर ५.१८. त्याच्या जोडीला एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) नावाची १.१ टक्का कपात वेगळी, आणि २०२४ पासून तिला पगाराची वरची मर्यादा राहिलेली नाही.

आता पेन्सिल्व्हेनिया. दर ३.०७ टक्के, वजावट नाही, कर ३,०७०. न्यू जर्सीच्या ३,९३२ पेक्षा कमी दिसतो. पण फिलाडेल्फिया शहरात राहत असाल तर शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, वेगळा. रहिवाशांसाठी तो २०२४ मध्ये ३.७५ टक्के होता. दोन्ही मिळून ६,८२०, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या एसडीआय धरून होणाऱ्या बेरजेपेक्षाही जास्त. शहराबाहेरही पेन्सिल्व्हेनियातल्या बहुतेक गावांना स्थानिक उत्पन्न कर असतोच. म्हणून नोकरीची ऑफर तोलताना डब्ल्यू-२ वरचे बॉक्स १८ ते २०, म्हणजे स्थानिक कराची जागा, विसरू नका. न्यू यॉर्क शहरही आपल्या रहिवाशांकडून ३.०७८ ते ३.८७६ टक्के घेतं. नदीपलीकडून जर्सी सिटीहून रोज मॅनहॅटनला जाणाऱ्यांना मात्र शहराचा हा कर नाही, राज्याचाच द्यावा लागतो.

पायरी ६: जिथे 'फक्त वरच्या पैशावर' हा नियम मोडतो

ब्रॅकेटवरचं बहुतेक लिखाण पायरी ३ ला थांबतं. पुढचा भाग पैशाच्या दृष्टीनं जास्त मोलाचा आहे.

न्यू यॉर्क घ्या. एकट्या व्यक्तीला तिथे ४ टक्क्यांपासून दर सुरू होतो, ८०,६५० डॉलरच्या वर ६ टक्के आणि २,१५,४०० च्या वर ६.८५. पण एजीआय १,०७,६५० च्या पुढे गेला की खालच्या स्वस्त टप्प्यांचा फायदा राज्य हळूहळू परत घेऊ लागतं. पुढच्या ५०,००० डॉलरमध्ये तो पूर्ण काढून घेतलेला असतो. १,५७,६५० च्या वर, करपात्र उत्पन्न २,१५,४०० च्या आत असेल तर, सगळ्याच्या सगळ्या करपात्र उत्पन्नावर सरळ ६ टक्के. पहिल्या डॉलरवरही ६.

आकड्यांत: एजीआय १,६५,०००, वजावट ८,०००, करपात्र १,५७,०००. नुसत्या तक्त्यानं कर ८,८५२ आला असता. प्रत्यक्षात १,५७,००० चे ६ टक्के, ९,४२०. फरक ५६८ डॉलर. पायरी ४ मधला तो वजा करायचा आकडा हाच, फक्त न्यू यॉर्क तो तुम्हाला वजा करू देत नाही. आता मधल्या पट्ट्यातल्या माणसाचा मार्जिनल दर काढा. ५०,००० डॉलरच्या अंतरात ५६८ जास्तीचे, म्हणजे १.१३६ टक्के. एजीआय १,०७,६५० ते १,५७,६५० असलेल्या एकट्या माणसाचा खरा मार्जिनल दर ६ नसून ७.१३६ टक्के आहे. तक्त्यात हा आकडा कुठेही छापलेला नाही. कनेक्टिकटमध्येही अशीच परत घेण्याची तरतूद आहे. पण एवढं करूनही पगारवाढीनं हातात येणारे पैसे घटत नाहीत, वाढ थोडी महाग पडते इतकंच.

पैसे खरोखर घटतात ती जागा न्यू जर्सीत आहे, आणि ती ज्येष्ठांच्या वाट्याला येते. ६२ वर्षं पूर्ण झालेल्या जोडप्याचं न्यू जर्सीतलं एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल तर पेन्शन आणि ४०१के मधून काढलेली रक्कम एक लाखापर्यंत पूर्ण वगळता येते. एक लाखाच्या वर १,२५,००० पर्यंत निम्मीच वगळता येते, १,५०,००० पर्यंत पाव, आणि त्यापुढे काहीच नाही. इथे टप्पे नाहीत, कडा आहेत. सगळं उत्पन्न पेन्शन आणि ४०१के चंच असलेल्या जोडप्यानं बरोबर १,००,००० काढले तर राज्याचा कर शून्य. एक डॉलर जास्त काढला की निम्मेच वगळले जातात, २,००० ची सूट जाऊन करपात्र उरतात सुमारे ४८,०००, आणि कर येतो ७७० डॉलर. एका डॉलरवर. १,५०,००० ची कड ओलांडली तर फटका सुमारे २,०७० डॉलरचा. महाराष्ट्रातला व्यवसाय करही याच धाटणीचा, ठरलेला पगार ओलांडला की पूर्ण रक्कम लागू होते; पण तिथे प्रश्न थोड्या रुपयांचा असतो.

आई-वडील किंवा तुम्ही स्वतः या वयाला आला असाल तर डिसेंबरमध्ये पैसे काढण्याआधी वर्षाची बेरीज करा. सोशल सिक्युरिटीची पेन्शन न्यू जर्सी मोजत नाही. भारतातल्या ठेवीचं व्याज मात्र एकूण उत्पन्नात धरलं जातं, आणि नेमकं तेच कडेवरून ढकलून देऊ शकतं.

पायरी ७: घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्यात

तुम्ही जिथले रहिवासी ते राज्य तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतं. जिथे काम करता ते राज्य तिथे कमावलेल्या उत्पन्नावर. एकच पैसा दोनदा भरडला जाऊ नये म्हणून रहिवासाचं राज्य दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्यात तर पगारापुरता परस्पर करार आहे. न्यू जर्सीतल्या चेरी हिलमध्ये राहून फिलाडेल्फियात काम करणाऱ्याच्या पगारावर पेन्सिल्व्हेनिया राज्य कर घेत नाही (शहराचा वेज टॅक्स मात्र लागतो). त्यासाठी कंपनीला योग्य फॉर्म भरून द्यायचा असतो.

न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क यांच्यात असा करार नाही. एडिसनच्या एका जोडप्याचं उदाहरण घेऊ. एकाची नोकरी मॅनहॅटनमध्ये, १,२०,००० डॉलर. दुसऱ्याची प्रिन्स्टनमध्ये, १,१०,०००. लोक समजतात की न्यू यॉर्क फक्त १,२०,००० वर हिशेब करेल. तसं होत नाही. न्यू यॉर्क दोघांच्या २,३०,००० वर तुम्ही तिथेच राहत असल्यासारखा पूर्ण कर काढतं आणि मग त्यातला १२०/२३० भाग मागतं. २,३०,००० वजा जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन १६,०५०, त्यावर परत घेण्याच्या तरतुदीमुळे सरळ ६ टक्के, म्हणजे १२,८३७. न्यू यॉर्कचा भाग सुमारे ६,६९८. म्हणजे प्रिन्स्टनच्या पगारावर न्यू यॉर्क कर लावत नाही, पण तो पगार मॅनहॅटनच्या पगारावरचा दर ठरवतो.

इकडे न्यू जर्सीचा पूर्ण कर १०,४८१. त्यातलं क्रेडिट मिळतं तेही १२०/२३० या मर्यादेपर्यंत, सुमारे ५,४६८. राहिलेले ५,०१३ न्यू जर्सीला. दोन्ही राज्यं मिळून ११,७११. दोघांची नोकरी न्यू जर्सीतच असती तर १०,४८१ लागले असते. मॅनहॅटनच्या नोकरीची राज्य-कराची जादा किंमत या जोडप्याला सुमारे १,२३० डॉलर पडली, आणि पगार ठरवताना मागणी या आकड्याच्या आधारानं करता येते.

'आठवड्यातून तीन दिवस मी घरून काम करतो, ते दिवस न्यू जर्सीचे' असंही धरून चालू नका. तुमच्या सोयीसाठी घरून काम केलेले दिवस न्यू यॉर्क आपल्याकडचेच मानतं. कंपनीच्या गरजेमुळे घरून काम करावं लागतं हे सिद्ध करता आलं तरच वेगळा विचार होतो.

पायरी ८: मार्जिनल दर हातात आला, आता तो वापरा

बोनस. कॅलिफोर्नियात बोनस आणि आरएसयूवर (कंपनीनं मोबदल्यात दिलेले शेअर) राज्यासाठी सरसकट १०.२३ टक्के कापले जातात, न्यू यॉर्कमध्ये ११.७० टक्के. 'बोनसवर कर जास्त असतो' ही समजूत इथूनच आली. ती फक्त आगाऊ कपात आहे. कॅलिफोर्नियात ९.३ टक्क्यांच्या ब्रॅकेटमधल्या माणसाच्या २०,००० च्या बोनसवर २,०४६ कापले गेले, कर लागला १,८६०, उरलेले १८६ रिटर्नमध्ये जमेला येतात. फेडरलच्या बाजूला उलटं होऊ शकतं: तिथे कपात २२ टक्के, आणि तुमचा ब्रॅकेट ३२ चा असेल तर एप्रिलमध्ये खिशातून भरावे लागतात.

बचत. अमेरिकन सरकारच्या ट्रेझरी बिलांच्या व्याजावर राज्यांना कर लावता येत नाही. बँकेच्या बचत खात्याच्या व्याजावर लावता येतो. फेडरल २४ आणि कॅलिफोर्निया ९.३ टक्के असेल तर ४ टक्क्यांच्या ट्रेझरी बिलाशी बरोबरी करायला बँकेनं सुमारे ४.५६ टक्के द्यायला हवेत. टेक्ससमध्ये हा फरकच उरत नाही. मनी मार्केट फंडातून ट्रेझरी घेत असाल तर एक अट: कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि कनेक्टिकट यांना प्रत्येक तिमाहीअखेर फंडाची किमान निम्मी मालमत्ता अशा रोख्यांत लागते.

४०१के. न्यू जर्सीत ६.३७ च्या ब्रॅकेटमध्ये ५,००० जास्त भरले तर राज्याचे ३१८.५० वाचतात, पेन्सिल्व्हेनियात शून्य. निवृत्तीनंतर फ्लोरिडा किंवा टेक्ससला जायचा विचार असेल तर ही सवलत कायमची पदरात पडते. १९९६ च्या फेडरल कायद्यानं जुन्या राज्याला दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसाच्या ४०१के वर कर लावायला मनाई केली आहे.

भारतातलं उत्पन्न. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे फेडरल आणि राज्य दोघांनाही दाखवावं लागतं. एनआरओ खात्यावर भारतात टीडीएस कापला जातो, त्याचं क्रेडिट फेडरल रिटर्नमध्ये मिळतं, पण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाहीत. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरओचं व्याज मिळून करपात्र २,००० डॉलर झाले तर न्यू जर्सीला ६.३७ टक्क्यांनी १२७.४० द्यायचेच, भारतात कितीही भरलेले असोत. 'तिथे टॅक्स भरलाय' म्हणून राज्याच्या रिटर्नमध्ये ही ओळ सोडून देऊ नका.

फेडरलमध्ये वजावट. स्टँडर्ड डिडक्शनऐवजी वजावटी सुट्या दाखवणाऱ्यांना राज्याचा कर फेडरल उत्पन्नातून वजा करता येतो. २०१८ ते २०२४ त्याला मालमत्ता करासह १०,००० डॉलरची मर्यादा होती, आणि न्यू जर्सीत नुसता मालमत्ता करच तेवढा होणारी घरं पुष्कळ. २०२५ साठी ती ४०,००० झाली आहे, ५ लाखांच्या पुढच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते. मर्यादेच्या आत असाल आणि फेडरल दर २४ असेल तर ६.३७ चा खरा भार ४.८४ टक्के पडतो.

पायरी ९: पगारातली कपात दुरुस्त करा

हे सगळं काढल्यावर वर्षाच्या अंदाजी कराशी पे-स्टबवरची आतापर्यंतची कपात ताडून बघा. ऑक्टोबर हा चांगला महिना, दुरुस्तीला पगार उरलेले असतात. दोघं नोकरी करणाऱ्या न्यू जर्सीतल्या जोडप्यांनी एनजे-डब्ल्यू४ फॉर्म नक्की उघडावा. दोघांनी नुसतं 'विवाहित, एकत्र' एवढंच निवडलं असेल तर प्रत्येकाची कंपनी त्या एकाच पगारावर जोडप्याचा तक्ता लावते आणि दोन्हीकडे कपात कमी होते. त्याच फॉर्ममध्ये एक वेतन-तक्ता दिलेला आहे. तुमचा पगार आणि जोडीदाराचा पगार जिथे जुळतात तिथलं अक्षर फॉर्मच्या तिसऱ्या ओळीत लिहायचं असतं. कॅलिफोर्नियात यासाठी डीई-४ आणि न्यू यॉर्कमध्ये आयटी-२१०४ हा फॉर्म आहे. फेडरल डब्ल्यू-४ बदलला म्हणजे हेही आपोआप बदलतात असं नाही, राज्याचा फॉर्म वेगळा द्या. त्यातूनही तूट राहत असेल तर फॉर्ममध्ये दर पगारामागे ठरावीक जादा रक्कम कापायला सांगता येते, किंवा वर्षाचा शेवटचा आगाऊ हप्ता १५ जानेवारीपर्यंत राज्याच्या संकेतस्थळावरून थेट भरता येतो.